काळा चिंचोका, पांढरा चिंचोका

अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवणारे मोरोपंत पुराणिक हे कामातून गेलेले गृहस्थ आहेत, यावर त्यांच्या गल्लीचं एकमत होतं. भाजी आणायला पाठवावं तर पिशवी विसरून यायचे आणि सणावाराला दोन पायांत दोन वेगळ्या चपला. पण गल्लीला त्यांचं खरं वेड ठाऊक नव्हतं. ते फक्त त्यांच्या बायकोला, चारुशीलेला ठाऊक होतं.

ते वेड असं: तारेनं काही धाडलं की वाटेत एखादं चिन्ह बिघडतंच. म्हणून मूळ मजकुराला थोडी जादा चिन्हं अशी जोडायची, की पलीकडच्याला बिघाड ओळखून दुरुस्त करता यावा. जोडायची युक्ती परदेशातल्या लोकांनी काढली होती. रड होती ती पुढे. बिघडून आलेला मजकूर मूळचा कोणता, हे शोधायचं तर पाठवता येण्याजोगे सगळे मजकूर एकेक करून ताडून पाहायचे, आणि त्यात माणसाचा जन्म सरायचा. कमी खटाटोपाची वाट मोरोपंतांना हवी होती. असली आकडेमोड करणारी यंत्रं लांब मुंबईला. मोरोपंतांकडे होते चिंचोके.

चारुशीला पटावर खेळण्यासाठी चिंचोके फोडून ठेवायची. एक बाजू काळी, एक पांढरी. मोरोपंत ते सुपात ओळीनं मांडत, मग पाठ फिरवून बसत. ती हळूच एकदोन चिंचोके पालटून ठेवी. वाटेतला बिघाड करायचं काम तिचं आणि तो हुडकायचं त्यांचं. न संभवणारे मजकूर आधीच गाळायचे आणि उरलेल्यांतच शोधायचं, ही त्यांची रीत. ती लागू पडे, आणि मोरोपंत स्वतःवरच खूश होत. एकदा मात्र तिनं सगळी ओळ मोडून आपल्या मनानंच मांडली. मोरोपंतांनी मोठ्या ऐटीत ‘दुरुस्त’ करून दाखवली, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मोरोपंत चिडले. मूळ मजकूर आपण ठरवलेल्यांपैकीच असला पाहिजे, नाहीतर रीत काय कामाची, असं त्यांनी तिला बजावलं. ती बरं म्हणाली आणि चुलीकडे गेली.

सासष्ट सालच्या उन्हाळ्यात चारुशीलेला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पोरबाळ नव्हतं. घरात मोरोपंत आणि वरकामाची तानुबाई, एवढीच माणसं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टरांनी मोरोपंतांना बाजूला घेऊन सांगितलं.

त्यानंतर रोज दुपारी एकच होऊ लागलं. जेवण भरवून झालं की ती डाव्या हातानं मोरोपंतांचं मनगट घट्ट धरी, घशातून काहीतरी काढू पाही, आणि ते जमलं नाही की तिचे डोळे भरून येत. तिला काहीतरी सांगायचं होतं. दुसरा झटका येण्याआधी ते समजून घ्यायचं, एवढं एकच काम आता मोरोपंतांना उरलं होतं.

त्यांनी तिच्यापुढे दोन चिंचोके ठेवले, एकाची पांढरी बाजू वर, एकाची काळी. हो असेल तर पांढरा उचल, नाही असेल तर काळा. पण अशा आजारात हो-नाहीची गल्लत होते, असं डॉक्टर म्हणाले होते, तसंच झालं. हो म्हणायचं असलं तरी कधी कधी तिचा हात काळ्यावर जाई. मोरोपंतांना हा बिघाड ओळखीचा होता. त्यांनी प्रत्येक प्रश्न तीनतीनदा विचारायला घेतला आणि जे उत्तर जास्त वेळा येईल ते खरं धरलं. माणूस हवंय का? वस्तू हवीय का? कुठं दुखतंय का? पण चारपाच प्रश्नांतच तिची मान कलंडू लागली.

“सायेब, बाई थकून राहिल्या,” तानुबाई म्हणाली. “आता पुरे करा.”

मग त्यांनी आपली जुनीच रीत धरली. जे तिला हवं असणं संभवत नाही ते गाळायचं आणि जे संभवतं तेवढंच विचारायचं. प्रश्न निम्म्याहून कमी झाले. अशा वेळीसुद्धा आपली रीत लागू पडतेय याचं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगोलग लाजही वाटली. अकोल्याला भावाकडे जायचंय का, या प्रश्नाला दोनदा पांढरा आला, एकदा काळा.

मोरोपंतांनी मोटार ठरवली. मूर्तिजापूरच्या रस्त्यानं, मेच्या उन्हात, तिचं डोकं मांडीवर घेऊन ते अकोल्याला आले. तिचा भाऊ उद्धव वकिली करायचा. त्यानं ताईसाठी माजघरात वाळ्याचा पडदा लावून ठेवला होता. तिनं भावाकडे पाहिलं, त्याच्या गालावरून हात फिरवला. दुपारी जेवण झाल्यावर तिनं पुन्हा मोरोपंतांचं मनगट धरलं, आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले.

ती दोन पांढरी उत्तरंच चुकीची होती. त्यांच्यापायी आपण हिला उन्हातून एवढं फरफटत आणलं, या विचारानं मोरोपंतांनी चिंचोके खिशात घालून टाकले. प्रवासानं ती पार खंगली होती. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा चिंचोके मांडले. देवाचं काही राहिलंय का? माहेरचं काही? दागिन्यांचं? माझी काळजी वाटते? प्रत्येक वेळी तिनं काळाच उचलला. एकेका प्रश्नाला तिन्ही वेळा काळा. या खेपेला कुठंच बिघाड नव्हता. ती अगदी स्वच्छ नाही म्हणत होती आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती.

पुढचा प्रश्न मोरोपंतांपाशी नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात हिला काय हवं असू शकेल, त्याचा एवढासा ढीग त्यांनी जमवला होता आणि तो संपला होता. शेवटी तिनंच दोन्ही चिंचोके उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले आणि त्यांची मूठ मिटून टाकली. त्याच आठवड्यात ती गेली.

दहाव्याला अकोल्यातच मोर्णा नदीच्या काठी पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं बोलू लागला. उद्धव म्हणाला, भाऊजींना मी अंतर देणार नाही. त्याच्या बायकोनं ताईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचं कबूल केलं. अमरावतीहून आलेल्या तानुबाईनं तुळशीला रोज पाणी घालायचं वचन दिलं. कावळा मान वाकडी करून सगळं ऐकत होता. ऊन डोक्यावर आलं. लोकांनी सुचेल ते सगळं बोलून पाहिलं, आणि मग सगळ्यांची तोंडं मोरोपंतांकडे वळली.

“भाऊजी, तुमीच सांगा,” उद्धव म्हणाला. “ताईचं काय राहिलं? तुमच्याबिगर कोणाले ठाऊक असणार?”

मोरोपंतांच्या मुठीत ते दोन चिंचोके होते.

“मले ठाऊक नाही, उद्धव,” ते म्हणाले. “मी लय विचारलं तिले.”

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून त्यांच्या हाती दिला. मोरोपंतांनी तो पिंडाला लावला. झालं म्हणून मंडळी उठली, हातपाय धुऊन टांग्यांकडे निघाली. बाभळीवरचा कावळा अजून तिथंच बसून होता.