आधी शाई, मग ब्लँकेट

शिस्त म्हटलं की माझ्या अंगात येतं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली निम्मी धानोरा-एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत गेली. तिथं निवडणूक आली की माझी ड्युटी ठरलेली. पुढे-मागे बंदूकवाले शिपाई, मधे आम्ही मास्तर लोक, असं कोसभर चालत जायचं आणि कुठल्या तरी शाळेच्या खोलीत केंद्र थाटायचं. शाई लावायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या टोकापासून वर पहिल्या पेरापर्यंत एक सरळ रेघ. माझी रेघ कधी वाकडी गेली नाही, असं मी चारचौघांत सांगायची. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर चंद्रपुरात घर केलं. शेजारी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली एक नर्स राहते. सगळी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणते. ती ख्रिस्ती, मी नाही. पण तिच्याकडचा नाताळचा केक आणि माझ्याकडच्या दिवाळीच्या करंज्या यांची ये-जा जुनी आहे. तिच्या चर्चमध्ये दर नाताळला बेघर लोकांना जेवण देतात. स्टेशनवरचे, बसस्टँडवरचे, महाकालीच्या देवळापुढचे, दवाखान्यात माणूस घेऊन आलेले आणि मग परत जायला ठिकाणच न उरलेले, असे सगळे येतात. जेवण झालं की जाताना प्रत्येकाला एक ब्लँकेट मिळतं. आदल्या वर्षी तिथंच घोडं अडलं. काही बहाद्दरांनी दोन-दोन, तीन-तीनदा रांगेत येऊन ब्लँकेटं नेली आणि बाजारात विकली. शेवटी आलेली म्हातारी माणसं हात हलवत गेली. सिस्टरबाई हे सांगताना रडवेली झाली होती. मी म्हटलं, एवढंच ना? शाई लावा.

चर्चच्या पाळकसाहेबांना ते काही पटलं नव्हतं. सणाला जेवायला बोलावलेल्या माणसाच्या बोटाला डाग कशाला, असं ते हळूच म्हणाले. मी त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं. म्हटलं, साहेब, दया तुमची, बंदोबस्त माझा. ते हसले आणि बाजूला झाले. भला माणूस, त्यांनी त्या दिवशी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

स्टेशनरीच्या दुकानातून मी शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई आणली. निवडणुकीची शाई बाजारात मिळत नाही, पण हीसुद्धा दोन-तीन दिवस जात नाही. फक्त वाळायला वेळ लागतो. दोन टेबलं मांडली, एक पुरुषांचं, एक बायकांचं. पुरुषांच्या टेबलावर मी बसले, बायकांच्या टेबलावर सिस्टरबाई. आगपेटीच्या काडीनं बोटाला रेघ ओढायची आणि मगच ब्लँकेट हातात द्यायचं. मतदानातही असंच असतं, आधी बोटाला शाई लागते आणि मग माणूस मत द्यायला जातो. माझ्या हाताला तोच क्रम बसलेला, म्हणून इथंही तोच ठेवला. शाईचं बोट घेऊन कुणी परत आलं तर सरळ बाहेरचा रस्ता.

नाताळच्या दिवशी सकाळची उपासना आटोपली आणि बाराच्या सुमारास चर्चच्या अंगणात पंगती बसल्या. रस्सा करायला गावातले बिर्याणीवाले चाचा येतात, दरवर्षी, आपल्या डेगी घेऊन, हाताची मजुरी न घेता. कोंबडीचा रस्सा, भात, वरण आणि बुंदी. एवढी माणसं इतकी मुकाट जेवताना मी कधी पाहिली नव्हती. भात वाढायला गेलं की पत्रावळीवर हात आडवा कुणी धरत नव्हतं. कपड्यांना कोळशाच्या धुळीचा काळा थर, पायांना भेगा, अंगाला वास. खरं सांगते, मला त्यांची कीव येत होती आणि किळसही येत होती. टेबलामागे बसायला मिळालं याचं मनातून बरंच वाटत होतं.

तिसऱ्या पंगतीतून उठून एक म्हातारा माझ्या टेबलाशी आला. अंगात पातळ सदरा, डोक्याला टॉवेल. बोलण्यावरून ओळखलं, हा आमच्या त्या बाजूचा. मी माझ्या मोडक्या गोंडीत त्याला गाव विचारलं, तर त्याचं तोंड एकदम उजळलं. मग त्यानं गोंडी आणि मराठीची भेळ करत सगळं सांगितलं. पावसाळ्यात बायकोचा पाय सडायला लागला, तिला गाडीत घालून इथवर आणलं. दवाखान्यातून सुटी झाली, पण जखम भरत नाही, आठवड्यातून दोनदा पट्टी करावी लागते, म्हणून गावी जाता येत नाही. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला, त्याचा फोन लागत नाही. घर होतं ते पावसात बसलं. दवाखान्याच्या आवारात एक बंद पडलेली केसपेपरची खिडकी आहे, तिच्यापुढच्या ओसरीत दोघं निजतात.

मी ऐकता ऐकता त्याच्या बोटाला रेघ ओढली आणि ब्लँकेट दिलं. तो जागचा हलला नाही.

"तिचं बी द्या, बाई," तो म्हणाला. "तिले चालता येत नाई."

तो खरं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मागे रांग होती, रांगेतले लोक कान टवकारून ऐकत होते. याला दोन दिली की पुढच्या दहा जणांच्या बायका घरी आजारी पडणार, हे मला पाठ. मी मान हलवली. जो येईल त्यालाच मिळेल, बाईला घेऊन या, मी पाचपर्यंत इथंच आहे, असं त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही. उलट आपण किती समजुतीनं सांगितलं, असंच मला वाटलं.

त्यानं बोटाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या ब्लँकेटांच्या थप्पीकडे पाहिलं आणि पुन्हा बोटाकडे. ब्लँकेट काखेत मारून तो फाटकाकडे निघाला तेव्हा डावा हात त्यानं अंगापासून लांब धरला होता, बोट वर, कशाला लागणार नाही असं. चालतही भरभर होता. मला कौतुक वाटलं. आमच्या केंद्रावरही ते लोक असंच करायचे, कारण मीच त्यांना दम भरायची, शाई पुसू नका, वाळू द्या. म्हटलं, किती वर्षांची सवय आहे पाहा.

तास-दीड तासानं तो परत आला. भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली होती आणि तिच्यावर बायकोला बसवलं होतं. तोवर शेवटची पंगत बसली होती, सिस्टरबाई वाढायला गेली होती आणि दोन्ही टेबलं मीच बघत होते. बाई अगदी काडी झालेली. एक पाय फडक्यात गुंडाळलेला. अंगाभोवती आमचंच ब्लँकेट. त्यानं गाडी टेबलाला टेकवली, बायकोचा डावा हात ब्लँकेटमधून बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. बोटाला जांभळी शाई होती.

"पाहा बाई, हिच्या बी बोटाले हाये," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चालता येत नाही म्हणत होता, आणि बाई तर आधीच येऊन सिस्टरबाईच्या टेबलावरून ब्लँकेट घेऊन गेली आहे, अंगावर आहे तेच ते. आता दुसरं हवं. आणि याचं कुठं गेलं? सदऱ्यावर उभा आहे, म्हणजे विकून आला. मी त्याच्याशी गोंडीत हसून बोलले, त्याचं ऐकून घेतलं, आणि यानं मलाच बनवलं. मी रागावले की शाळेतली मराठी पळून जाते आणि माहेरची बोली बाहेर पडते.

"शाई हाये म्हणूनच भेटत नाई," मी म्हटलं. "काऊन खोटं बोलता या वयात? जा, घेऊन जा तिले."

 त्यानं वाद घातला असता, शिवी दिली असती, तरी मी थांबून विचार केला असता. पण टेबलामागच्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे त्या लोकांना आम्हीच शिकवलेलं. तो थोडा वेळ तिच्या बोटाकडे बघत राहिला, जणू आपल्याच हातून काही तरी चुकलं. बाईनं हात आत घेतला. त्यानं गाडी वळवली. माझ्या पायाशी पोत्यात ब्लँकेटं शिल्लक होती.

पाच वाजता आवराआवर सुरू झाली. यंदा एकही माणूस रिकाम्या हातानं गेला नाही म्हणून पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत माझे आभार मानले. मी खुशीत होते. भांडी घासताना मी सिस्टरबाईला तो किस्सा रंगवून सांगितला, कसं पकडलं बघ. ती हातातलं डेचकं तसंच धरून उभी राहिली.

"माझ्याकडे हातगाडीवरून कुणीच आलं नाही," ती म्हणाली. "शेवटच्या पंगतीपर्यंत मी जागची हलले नव्हते."

मी म्हटलं, तू विसरली असशील. तिनं विचारलं, शाई कुठं होती, नखावर का? 

नखावर नव्हती. नख कोरं होतं. शाई होती बोटाच्या आतल्या बाजूला, पेरावर, फिकी, पसरलेली. एक ओलं बोट दुसऱ्या बोटावर दाबलं की उठेल तशी. मी ती पाहिली होती, चांगली भर उजेडात, हातभर अंतरावरून. आयुष्यभर रेघा ओढल्या, माझी रेघ मला लाखात ओळखू येते, आणि तीच मला ओळखू आली नाही, कारण मला चोर दिसत होता.

मग सगळं एकामागून एक लागत गेलं. माझ्या टेबलावर त्यानं काय पाहिलं होतं? शाई लागते आणि मग ब्लँकेट मिळतं. केंद्रावर काय पाहिलं होतं? शाई लागते आणि मग आत सोडतात. रेशनच्या दुकानात बोट लागल्याशिवाय दाणा नाही. शाई म्हणजे मिळण्याची खूण, असंच त्याला वाटणार. म्हणून तो ते बोट वाऱ्यालाही लागू न देता, वाळायच्या आत, भरभर चालत दवाखान्यात गेला. तिच्या बोटाला ते टेकवलं, तिची नोंद केली. आपलं ब्लँकेट तिला गुंडाळलं आणि तिला घेऊन आला, कारण मी घेऊन या म्हटलं होतं. त्यानं माझा नियम अक्षरशः पाळला होता. कपाळ माझं.

सिस्टरबाईनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, आत्ता जाऊ, रिक्षानं दहा मिनिटं. मी म्हटलं, सकाळी जाऊ, गुडघे भरून आलेत. गुडघे दुखत होते हे खरं, पण कारण ते नव्हतं. त्या माणसासमोर उभं राहायची माझी छाती होत नव्हती. रात्रभरात लाज थोडी कमी होईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. डिसेंबरची थंडी आमच्याकडे कशी पडते ते मला ठाऊक होतं. मी दोन गोधड्या घेऊन निजले.

सकाळी सात वाजता आम्ही ब्लँकेट घेऊन दवाखान्यात गेलो. बंद खिडकी सापडायला वेळ लागला नाही. ओसरीत तो एकटाच बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, त्याच सदऱ्यावर. शेजारी पुठ्ठा अंथरलेला, त्यावर पाण्याची बाटली. सिस्टरबाईनं वाकून विचारलं. तो म्हणाला, तिले पहाटेच नेलं. कंबलासंगच नेलं. बोट लांब करून त्यानं शवागाराची दिशा दाखवली.

सिस्टरबाई मला नंतर बरंच समजावत राहिली. विष रक्तात गेलं होतं, आठ दिवसांचा प्रश्न होता, एका ब्लँकेटनं काही झालं नसतं. नर्स आहे ती, तिला कळत असेल. पण ती माझ्याकडे न बघता बोलत होती. ते सगळं खरं धरलं तरी ती बाई चोर ठरून गेली, मी ठरवली म्हणून. त्याचं कुणी काही करू शकत नाही.

मी हातातलं ब्लँकेट उलगडलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. माझ्याकडून चुकलं, असं म्हणायचं होतं, मराठीतही सुचेना आणि गोंडीतही सुचेना. त्यानं मला ओळखलं. घाईनं ब्लँकेट खांद्यावरून उतरवलं, नीट घडी केली, माझ्या हातात परत दिली. मग डावा हात पुढे करून त्यानं बोट दाखवलं. नखापासून पेरापर्यंत माझी रेघ होती, सरळ.

"माहं झालं, बाई," तो म्हणाला. "मी काल घेतलो."