माझी प्रार्थना तपासायला बसलेले

“खाली बस. फरशी स्वच्छ आहे,” मास्तर म्हणाले.

शेजारी खुर्ची रिकामी होती. तरी मी खाली बसले. चर्चच्या पाळकांच्या खोलीत मंडळीचे चार पंच जमले होते. मी बाप्तिस्मा मागितला होता. त्या लायकीची मी आहे का, ते बघायचं होतं त्यांना.

मास्तर पंचांतले मोठे. रिटायर हेडमास्तर, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, कोल्हापुरात बंगला. मी कोडोलीकडच्या एका गावातली, मांगवाड्यातली. दुसऱ्याच्या उसात भांगलायला जाणारी. कागलची पंचतारांकित एमआयडीसी तेव्हा उभी राहत होती. नवरा तिथं सिमेंटची पोती उचलायचा आणि मिळेल ते पिऊन टाकायचा.

“प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव.”

मी सुरू केली. मध्येच अडखळले. “सगळी पाठ न्हाई झाली. वाचाय येत न्हाई मला.”

“मग प्रार्थना करतेस तरी कशी?”

“माझी माझी करते.”

“कर बघू.”

पोरीला पाव्हण्यांसमोर गाणं म्हणायला लावावं, तसं. मी डोळे मिटले. “बापा, हाईस न्हवं? कंबर लई दुखाय लागलीया. मालक पिऊन येत्यात, त्येंचा हात आवर. माझी लेक तुझ्याजवळ हाय. तिला थंडी सोसत न्हाई. पांघरूण घाल तिला...”

कोणीतरी हसलं.

“ही काय चावडी आहे?” मास्तर म्हणाले. मग मी तिथं नसल्यासारखं पाळकांकडं वळले. “हे लोक असेच. दवाखाना, पोरांची फी, काहीतरी पदरात पडेल म्हणून येतात. मनाचा पालट वगैरे काही नसतो यांच्यात.”

हे लोक.

गावात पाटलिणीनं वेगळं काय विचारलं होतं? “दुधाच्या पावडरीसाठी बाटलीस व्हय गं?” ती हिंदू, हे ख्रिस्ती. थुंकी एकच.

माझी लेक तापानं गेली होती. तिच्या उशाशी बसून, चर्चला जाणाऱ्या शेजारणीचं ऐकून, मी पहिल्यांदा प्रार्थना केली. ती वाचली नाही. तिला मातीत ठेवून आले आणि परत गुडघ्यावर बसले. देवाला शिव्या दिल्या. रडले. मग बोलत राहिले. लेक परत आली नाही. पण माझं कोणीतरी ऐकतंय, हे आतून कळलं. तोवर कोण ऐकत होतं? नवरा नाही, सासू नाही. गावच्या देवळात तर आम्हाला पायरीच्या आत कधी घेतलंच नव्हतं.

आणि हे चौघं म्हणतात, पालट नाही.

मी उठले.

“मास्तर, पदरात पडायचं असतं तर लेक पडली असती. ती गेली. तरीबी मी त्येच्यासंगं बोलते. ह्यात माझा फायदा कुठला, सांगा की.”

मास्तर परत पाळकांकडं वळले, तशी मी पुढं बोलले.

“तुमचा आजाबी मांगवाड्यातनंच आलाय. त्येला कुठं वाचाय येत हुतं? त्येनं कुठल्या भाषेत हाक मारली आसंल देवाला?”

मास्तरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. “माफी माग.”

“न्हाई.”

“मग बाप्तिस्मा मिळणार नाही.”

“ऱ्हाऊ दे.”

पाळक मान खाली घालून बसले होते. त्यांचा मला जास्त राग आला. आजही येतो.

मी चर्च सोडलं नाही. दर रविवारी गेले. ज्याला वाटेल त्यानं प्रार्थना करावी असं पाळकांनी म्हटलं की उभी राहायची आणि माझ्या बोलीत, मोठ्यानं बोलायची. काही बायका तोंडाला पदर लावायच्या. मी थांबले नाही. काही वर्षांनी दुसरे पाळक आले. त्यांनी मला बाप्तिस्मा दिला. माफी मी मागितली नाही.

मांगवाडा माझ्या डोक्यातनं गेला नाही, आणि मास्तरांसारख्यांच्याही नाही. ते लपवतात, एवढाच फरक.

आता वाड्यातली कुठलीही बाई पंचांसमोर जाणार असली, की मी तिच्यासंगं जाते. कुणी नको म्हटलं तरी आत जाते. तिला जे बोलायचंय ते तिच्या तोंडानं, तिच्या बोलीत बोलू दे. ती आणि तिचा देव. त्या दोघांच्या मध्ये मी कुणाला बसू देणार नाही.