लाल दिव्यात लाल पेन

चि. ईशान आणि मीरा,

तुमच्या आजीनं नांदेडमध्ये दिवे लावले आहेत, अक्षरशः. तुमची गिरिजा मावशी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येते आहे. ती हे तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आधी मीच कळवते.

मी लातूरहून धपाटे घेऊन गेले होते. गिरिजा प्रयोगशाळेतच होती, म्हणून डबा तिथं नेला. खोलीत फक्त लाल दिवा. टेबलावर चोवीस बारीक खळग्यांची तबकडी, खळग्यांत जिवंत पेशी.

"आई, पेशीत एक नको असलेलं प्रथिन आहे. माझं औषध त्याला 'टाकाऊ' अशी खूण करतं, मग पेशीच त्याचा चुरा करते. पण औषधाला टोपी घातलीय. निळा प्रकाश पडला की टोपी निघते. जिथं प्रकाश तिथंच चुरा, हे उद्या सरांना दाखवायचंय. नाहीतर सहा महिने पाण्यात."

"मग हा लाल दिवा?"

"लाल चालतो. पांढऱ्यात निळा असतो. कशाला हात लावू नकोस." आणि ती हात धुवायला गेली.

मी कशालाही हात लावला नाही. (माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे.) फक्त भिंतीवरची इंग्रजी पाटी वाचली: लाइट लावू नये. 'लाइट'च्या स्पेलिंगमध्ये जीच्या आधी एच! जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईनं काय करावं? पर्समधलं लाल पेन काढून दुरुस्ती केली. उमटेना. झटकलं, पुन्हा गिरवलं. उमटेना. (लाल उजेडात लाल शाई दिसत नाही, हे मागाहून कळलं.) मग नीट दिसावं म्हणून पाटीखालचंच बटण दाबलं.

पाटीवरची ट्यूब लख्ख लागली. मी निवांतपणे एच जागेवर नेला आणि सवयीनं खाली सही केली.

दारात शिपाई शेषराव उभे. "म्याडम, काय करून राहिल्या? ती पाटी म्याच लिवली हाय."

"स्पेलिंग चुकलंय, शेषराव."

"हाव, पण कळत तर होतं की."

गिरिजानं धावत येऊन बटण बंद केलं. "आई, पाटी वाचली नाहीस?"

"वाचली. तपासलीसुद्धा."

ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. प्रथिन तिथं हिरवं चमकायला हवं होतं. "गेलं... हेही गेलं..." दोन तास हेच. धपाटे गार झाले. मग ती थांबली.

"आई, तू कुठं उभी होतीस?"

"पाटीसमोर. टेबलाला पाठ करून."

"जरा तशीच उभी राहा बघू. हलू नकोस." आणि तबकडी झाकून तिनं पुन्हा ट्यूब लावली, टेबलावर खडूनं माझी आकृती काढली.

सकाळी सरांनी तबकडी पाहिली, खडूची रेघ पाहिली, मला पाहिलं, आणि त्यांना पटलं: प्रकाश तिथं चुरा, अंधार तिथं प्रथिन शाबूत. चोवीसांतले नऊ खळगे वाचले. गिरिजा म्हणते, एवढी रुंद सावली दुसऱ्या कुणाची पडली नसती.