सोललेले अवरेकाळू

आईचा उजवा हात अर्धांगाने गेला तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडली. साठ सालानंतरची गोष्ट. पाच महिने तो हात माझ्या ताब्यात होता. सकाळी तिळाच्या तेलाने चोळायचा, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे एकेक बोट उघडायचं, मिटायचं, मग रबरी चेंडू दाबायला द्यायचा. चेंडू घरंगळून कॉटखाली जायचा आणि मी तो काढून आणायची. जेवणही मीच भरवायची. शेजारच्या बायका म्हणत, मुलगी असावी तर अशी. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

थंडीत माझी धाकटी बहीण देवनहळ्ळीहून बसने आली, ती अवरेकाळूची पिशवी घेऊन. बंगळुरात ते दिवसच या शेंगांचे. पावट्यासारखे हे दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचा. धाकटीने परात आईच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी गप्पा मारत बसली. आईच्या हातून दाणे निसटत होते. मी पुढे झाले तर धाकटीने मला अडवलं.

"अक्का, तिला करू दे. स्वल्प वेळ लागेल."

चौथ्या दिवशी आईच्या चिमटीत एक दाणा सालीतून सुटला आणि थेट भिंतीवर जाऊन आपटला. वडिलांनी गल्लीभर सांगितलं की धाकटीच्या हाताला गुण आहे. मी पाच महिने राबले आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. माझ्या पोटात दुखलं. आई हसत होती, तेसुद्धा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत मी स्वयंपाकघरात बसले आणि भिजवलेले सगळे दाणे सोलून टाकले. एक म्हणून ठेवला नाही. धाकटीने सालींचा ढीग पाहिला आणि कॉफी करायला घेतली. मी म्हणाले, तेवढेच आईचे कष्ट वाचले.

आईने मला खुणेने जवळ बसवलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. तिने उजवा हात सरकवत सरकवत माझ्या दंडापर्यंत आणला आणि लहानपणी काढायची तसा चिमटा काढला. बोटं थरथरत होती, पण चांगला लागला.

"उद्याचे माझे मला ठेव," ती जड जिभेने म्हणाली.

मला रडू आलं. दंडावर लाल ठिपका उठला होता. डोळे पुसून मी तो धाकटीला दाखवायला गेले. तिने त्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"मला आईने कधीच चिमटा काढला नाही," ती म्हणाली.

ते ऐकून मला फार बरं वाटलं.