ॲम्प्लिफायरचं घुमणं

पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारचं ऊन मागच्या खिडकीतून यायचं आणि सगळ्यात आधी ॲम्प्लिफायरवर पडायचं. माझ्या भांड्यांच्या मांडणीपेक्षाही त्याला चांगली जागा होती. नवऱ्याने तो पुण्याच्या जुन्या बाजारातून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता. व्हॉल्व्हचा, जड, पुढे स्पीकरवर कापडाची जाळी. बटण दाबलं की लगेच काही व्हायचं नाही. मागून डोकावलं तर काचेच्या व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड हळूहळू भरत यायचा आणि त्याच्या मागोमाग ते घुमणं, दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसं. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं मला वेगवेगळी आठवतच नाहीत. सगळी त्या उजेडात आणि त्या घुमण्यात बुडालेली आहेत.

नवरा प्रेस शॉपमध्ये होता. गावची जमीन कंपनीत गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी मिळाली. आठ तास कानाशेजारी पत्र्यावर प्रेस आदळायची. फर्स्ट शिफ्ट करून आला की हातपाय धुवायचा, हवाईन गिटार मांडीवर आडवी घ्यायचा आणि तारांवरून गुळगुळीत लोखंडी दांडा असा सरकवायचा, की बाहेर नळावर भांडणाऱ्या बायासुद्धा जरा थांबायच्या. तोंडावर मी त्याला अहोजाहोच करायचे. इथे ‘तो’ लिहितेय, कारण आता ऐकायला तो नाही.

कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. त्या एका दिवशी सगळ्या प्रेस बंद आणि घरच्या माणसांना आत यायची मुभा. एका वर्षी तो तिथे वाजवायला बसला. प्रेस शॉप एरवी कधी गप्प नसायचं, त्यामुळे त्या शांततेत ॲम्प्लिफायरचं घुमणं भलतंच मोठं वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, “राव, एक प्रेस बंद करायची राहिली वाटतं!” सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. त्याने मात्र अर्धी धून वाजवून गिटार खोळीत घातली.

“औंदा घुमणं गेलं तरच वाजविणार,” पुढच्या वर्षी खंडेनवमी जवळ येऊ लागली तेव्हा तो म्हणाला, “न्हाईतर गिटार इकून टाकतो.”

तो बोलायचा कमी आणि बोललं ते करायचा. गिटार गेली असती, तर प्रेस शॉपमधून घरी येणारा माणूस नुसता जेवून झोपणारा उरला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मीच पदर खोचला. लग्नाआधी मी रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगला होते. तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की उघड्या सेटला हात लावायचा तर दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते, ती चावते.

मग आमच्या दुपारी त्यात जाऊ लागल्या. एका हाताने मी आत शोधायचे, दुसरा पाठीशी. तो गिटार घेऊन समोर. आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी घुमत होतं, म्हणजे दोष गिटारीत नव्हता, वीज गाळणाऱ्या कंडेन्सरमध्ये होता. तो जुना होऊन फुगला होता. बुधवार पेठेतून नवा आणून बसवला. गिरणी एकदम लांब गेली. राहिलेलं घुमणं बटणाबरोबर वाढायचं आणि त्याने तारांवर तळवा ठेवला की कमी व्हायचं. तेव्हा गिटारीची वायर सोलली. आतलं जाळीचं वेष्टण तुटलेलं निघालं, ते जोडलं. शेवटी प्लगला तिसरी पिन लावली आणि घरामागच्या अर्थिंगच्या कोरड्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. परत येऊन सेट चालू केला, तर खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मला इतका आनंद झाला, की मी त्याच भरात चहात दोनदा साखर घातली.

तो जाळीला कान लावून बसला. म्हणाला, “हाय अजून. बारीक हाय, पन हाय.”

मी पुन्हा ऐकलं. शेजारच्या बाईला बोलावून ऐकवलं. काहीच नव्हतं. त्याचं आपलं, “हाय.” असं नवरात्र उजाडेपर्यंत चाललं. मी सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले, एकेक व्हॉल्व्ह काढून बघितला. मी तशी तापटच. एक दिवस भांडं आपटून म्हणाले, “अहो, एकदा कान तरी तपासून घ्या.” त्याने पुन्हा जाळीला कान लावला.

खंडेनवमीच्या आधीचा गुरुवार आला. गुरुवारी आमच्याकडच्या कंपन्या बंद, त्यामुळे दुपार एरवीपेक्षा मऊ असायची. ऊन जाळीवर आलं होतं. तो डोळे मिटून कान लावून बसला होता आणि मी तांदूळ निवडत होते. तेवढ्यात पंखा मंदावला, थांबला. वीज गेली. व्हॉल्व्हमधला उजेड विझत गेला. सगळ्या वाडीत कशाचाच आवाज नव्हता.

“ऐक,” तो डोळे न उघडता म्हणाला, “आता तर लई साफ ऐकू येतंय.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी उठले, भिंतीतला प्लग काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने डोळे उघडले. प्लगकडे बघितलं, वर थांबलेल्या पंख्याकडे बघितलं.

“म्हंजी माझ्यातच हाय व्हय,” तो म्हणाला.

मला रडू नाही आलं, राग आला. प्रेसचा आला, आणि कानाची गोष्ट काढली होती त्या माझ्या तोंडाचाही आला. तो गिटारीला खोळ चढवायला लागला. “घुमतंय का न्हाई, मला कळनारच न्हाई. पुन्हा हसू करून घ्यू का?”

“मी पुढे बसते,” मी म्हणाले. “माझ्याकडे बघा. घुमलं तर मी सांगेन.”

खंडेनवमीला प्रेसना झेंडूच्या माळा होत्या, लोखंडाला हळदीकुंकू लागलं होतं. बायकापोरं पोत्यांवर बसली. मी अगदी पुढे. त्याने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. ती एवढी मोठी शेड गप्प होती, छपरातल्या चिमण्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मी जीव कानात आणून ऐकलं आणि मान हलवली. नाही.

त्याने दांडा तारांवर ठेवला. पहिला सूर निघाला आणि त्याचा चेहरा सैल झाला. मग मला कळलं. वाजत असेपर्यंत त्याला ते कानातलं घुमणं ऐकू येत नव्हतं.

एक धून संपली, तिच्यातूनच त्याने दुसरी काढली. प्रसाद वाटून झाला, पोरं कंटाळून माळा ओढायला लागली. लोक म्हणाले, आज भाऊ रंगात आलाय. एकजण मला खुणावू लागला, वहिनी, आता आवरायला सांगा.

मी त्या खुणावणाऱ्याकडे बघितलंच नाही. मला माहीत होतं, वाजवणं थांबल्यावर नवऱ्याला काय ऐकू येणार आहे ते.