चाळीस शर्ट आणि तिसरा परीक्षक

जावाजावा, हेवादावा, असं म्हणतात. त्यामुळे मी माझ्या थोरल्या जावेचं कौतुक करायला लागले की ऐकणारे आधी माझ्या तोंडाकडे बघतात, कुठे खोच आहे का म्हणून. खोच नाही. मी दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी बाई. जे आधी घडलं ते आधी सांगायचं, एवढंच मला जमतं.

ताई, म्हणजे या माझ्या जाऊबाई, मुलींच्या शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात शिकवतात. गळ्यात मोजपट्टी कायमची. बँकेतसुद्धा तशाच जाऊन आल्यात. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, एका रविवारी सगळे जेवायला बसलो असताना त्यांनी सांगून टाकलं, "मी डॉक्टरेटला प्रवेश घेतलाय. ऑनलाइन. शिक्षणशास्त्रात."

माझे थोरले दीर पंपहाऊसवर नोकरीला. पाणी जपून सोडावं तसे शब्द सोडतात. त्यांनी विचारलं, "विषय?"

"अभ्यासक्रम आणि मूल्यमापन. मुलींना काय शिकवायचं, आणि ते त्यांना आलंय की नाही हे ठरवायचं कसं."

"म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांचीच परीक्षा," सासूबाई म्हणाल्या आणि भाताकडे वळल्या. पुढच्या पाच वर्षांत भल्याभल्यांनी हा विषय समजावून सांगितला, पण इतक्या थोडक्यात कुणालाच जमलं नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं एका विद्यार्थिनीमुळे. सगळ्या तिला डावखुरी म्हणायच्या. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरून ती असं कापड बेतायची की चिंधी शिल्लक राहू नये. पण लेखी परीक्षेत ती दोनदा नापास झाली आणि प्रमाणपत्राविना केंद्र सोडून गेली. दुसऱ्यांदा तिला एकच मार्क कमी पडला होता. तो पेपर ताईंनीच तपासला होता. "उत्तरं चूक होती गं," त्या मला म्हणायच्या, "मी मार्क बरोबर दिले. तरी निकाल चूक लागला. हे कसं काय?"

ऑनलाइन वर्ग सकाळी साडेपाचला. कापड कापायच्या टेबलावर लॅपटॉप, मागे भिंतीला कागदी बेतांचे गठ्ठे. त्या दीड तासात घरात दुसऱ्या कुणी इंटरनेट वापरायचं नाही, असा दिरांनी हुकूमच काढला होता. वर्गातले बाकीचे ताईंच्या मुलीच्या वयाचे. सुरुवातीला ताईंचा माइक बंद करायचा राहून जायचा, त्यामुळे आमचं घर सगळ्या वर्गाला पाठ झालं.

पहिला आराखडा मार्गदर्शक बाईंनी परत पाठवला. पडद्यावरून त्या शांतपणे म्हणाल्या, "ही तक्रार आहे, संशोधन नाही. तक्रार खरी असेलही. पण तुमच्या केंद्रात चांगलं काम म्हणजे काय, हे कुठे लिहून ठेवलंय का?"

नव्हतं. अनुभवी नजरेला कळतं, असंच सगळे मानत आले होते. पुढचे दोन दिवस ताई सुईदोरा घेऊन बसल्या. घरातल्या ज्या शर्टांना गरज नव्हती, त्यांचीही काजं त्यांनी पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुझी स्कूटी काढ. डावखुरीला शोधायचंय."

ती सापडली गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात, कापणी विभागाची प्रमुख म्हणून. हाताखाली बारा माणसं. ताईंना बघून तिने कात्री खाली ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं. ताई बसल्याच नाहीत.

"तुझा तो दुसरा पेपर मीच तपासला होता."

यंत्रांचा आवाज चालूच होता. डावखुरीने मान डोलावली. "मला वाटलंच होतं. लाल पेनाचं अक्षर ओळखीचं होतं." मग म्हणाली, "वर्षभर राग होता, बाई. खोटं कशाला बोलू? प्रमाणपत्र नाही म्हणून पहिल्या दोन ठिकाणी बटणं लावायला बसवलं मला."

ताईंनी माफी मागितली नाही. वहीच उघडली. "तू माणूस कामावर ठेवतेस तेव्हा काय बघतेस?"

"शर्ट उलटा करते." तिने शेजारचा शर्ट उचलून आतली बाजू वर केली. "बाहेरून सगळेच देखणे शिवतात. शिवणीला माया किती सोडली, सगळीकडे सारखी आहे का, बाहीचा जोड ओढला तर धरतो का, कॉलरची टोकं जुळतात का, ते आत कळतं. पुढे शर्ट सैल करायची वेळ आली तर आत कापड हवं ना!"

मायेचा हा हिशेब ताईंना माहीत नव्हता थोडाच. पण कागदावर तो पहिल्यांदा उतरला. अशा नऊ जाणकारांशी बोलून त्यांनी सोळा मुद्द्यांचा तक्ता केला. मग चाळीस मुलींचे चाळीस शर्ट घेतले आणि चार परीक्षक बसवले. पहिल्या फेरीत शर्टासोबत त्या मुलीची वही, आणि मार्क नेहमीसारखे, नजरेच्या अंदाजाने. दोन महिन्यांनी दुसरी फेरी: वही नाही, नाव नाही, फक्त शर्ट आणि तक्ता. कोण किती बदलतं ते बघायचं. त्यातले तिघे केंद्राबाहेरचे. चौथा माणूस ऐन वेळी आजारी पडला, म्हणून मार्गदर्शक बाईंच्या परवानगीने ताई स्वतः बसल्या. यादीत त्यांचा क्रमांक तिसरा.

आकडे आले तेव्हा मी तिथेच होते. ताईंनी ते दोनदा तपासले, मग मला वाचायला सांगितले. जिची वही नीटनेटकी, तिच्या शर्टाला पहिल्या फेरीत जास्त मार्क. थोडाफार फरक सगळ्यांचाच होता. तिसऱ्या परीक्षकाचा सगळ्यांहून जास्त, पन्नासात तब्बल सहा.

"मला सुंदर अक्षर आवडतं," ताई हळूच म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी अक्षराला शिवणकामाचे मार्क देत आले."

मार्गदर्शक बाईंनी मार्ग सुचवला. संशोधकाने स्वतः परीक्षक असणं तसंही टाळावं. ते मार्क वगळा, प्रबंध उभा राहतो. मीही म्हटलं, "काढून टाका ना, ताई. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या. आणि ते आकडे प्रबंधात राहिले. त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं गेलं, आणि पहिल्याच ओळीत स्पष्ट होतं की तिसरा परीक्षक म्हणजे संशोधक स्वतः.

तोंडी परीक्षाही ऑनलाइनच. दिरांनी रजा काढली होती. राउटरच्या शेजारी खुर्ची टाकून ते असे बसले, जसं काही तो पळून जाणार होता. सासूबाई आणि मी दाराबाहेर. पडद्यावर तीन परीक्षक. त्यातल्या एका गृहस्थांचा आवाज कोरडा होता.

"तुमचंच मूल्यमापन चुकीचं होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग तुमच्या निष्कर्षांवर आम्ही विश्वास का ठेवावा?"

सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"साहेब, मी मन लावून शिकवते," ताई म्हणाल्या. "कुठल्या मुलीचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. एवढं असूनही मी चुकले. म्हणजे नियत चांगली असून भागत नाही, अनुभव असूनही भागत नाही. काय बघायचं हे आधी ठरवून लिहावं लागतं. दुसऱ्या फेरीत तक्ता हातात होता, तेव्हा माझे मार्क इतरांशी जुळले. ते आकडेही तिथेच आहेत."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. ते गृहस्थ म्हणाले, "पान एकशे बारा. हो, आहेत." आणि प्रथमच हसले. तासाभराने त्यांनी ताईंना 'डॉक्टर' अशी हाक मारली. दीर उठून मोरीत गेले, तोंड धुऊन आले. पंपहाऊसचा माणूस, पण डोळ्यांतलं पाणी काही त्यांना अडवता आलं नव्हतं. सासूबाई मात्र इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर सांगत सुटल्या की आमची सून डॉक्टर झाली, आणि कुणी औषध विचारलं तर म्हणायच्या, "ती माणसांची नाही, परीक्षांची डॉक्टर आहे. त्या जास्त आजारी असतात."

पुढच्या वर्षी केंद्राने शर्टाचा तक्ता स्वीकारला. लेखी पेपर राहिला, पण निम्म्या मार्कांचा झाला, आणि तोंडी उत्तर द्यायची सोय आली. सहज झालं नाही. तीन बैठकांत भांडण झालं, एक जुने सर अजून ताईंशी बोलत नाहीत.

निकालाच्या दिवशी मी ताईंना घ्यायला गेले होते. एक मुलगी नापास होऊन टेबलासमोर उभी होती, ओठ आवळून. ताईंनी तिचा शर्ट उलटा करून पसरला, शेजारी भरलेला तक्ता ठेवला. मुलगी बोटाने एकेक ओळ वाचत गेली. सोळापैकी सात ठिकाणी फुली होती. तिने कॉलर चिमटीत धरून बघितली, बाहीचा जोड ओढला, तो उसवला.

"हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"आता सांगितलं."

मुलीने नाक पुसलं, शर्ट काखेत मारला आणि विचारलं, "यंत्र रिकामं आहे का आत्ता?"