नंदूच्या शेवटच्या गाण्याला मी वाईट म्हटलं

नंदू गेला तेव्हा मी त्याला एकदाही भेटले नव्हते.

तो आरोंद्याला, मी कुडाळला. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं. तरी इतकी वर्षं आमची दोस्ती फक्त फोनवर.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ओळख झाली ती भांडणातून. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून माझं पहिलं गाणं टाकलं होतं. खाली सगळ्यांचे हार्ट, सुपर, खूप छान ताई. मी हवेत.

आणि मध्येच एक कमेंट.

"आवाज बरो आसा. पण पयल्या ओळीपासून रडतस कित्याक? कोण मेला?"

माझं डोकंच फिरलं. कोण हा शहाणा, म्हणून त्याचं प्रोफाइल उघडलं. खाडीत मासे मारणारा माणूस, पडवीत पेटी घेऊन बसलेला, स्वतःच रचलेली मालवणी गाणी गात होता. चुका काढायच्या म्हणून सगळी ऐकली. एका गाण्यात मागे कोंबडी ओरडत होती.

मी लिहिलं, "तुमच्यापेक्षा कोंबडी सुरात आहे."

उत्तर आलं, "ती बायलेची. तिका सांगतंय, खूश होतली."

कोंबडी म्हणे त्याच्या बायकोची! आता अशा माणसावर किती वेळ रागावणार?

मग माझं गाणं परत ऐकलं. पहिल्या ओळीपासून रडतच होते की मी!

त्यानंतर माझं प्रत्येक गाणं आधी त्याच्याकडे जायचं, त्याचं माझ्याकडे. कच्चं, पंख्याच्या घरघरीसकट. नुसतं 'छान' म्हणायला बंदी. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, पण अहो-जाहो केलेलं त्याला चालायचं नाही.

"दुसऱ्या ओळीत थांबलंस, तां बरा केलंस. थंयच गाणा आसा. बाकी सगळी घाई."

हा त्याचा फीडबॅक. एवढाच. आणि दर वेळी बरोबर.

एकदा माझं गाणं कोणी ऐकलंच नाही. मी वैतागून लिहिलं, बास झालं, सोडते मी हे.

त्याची व्हॉइस नोट आली. "मासो गावलो नाय म्हणान कोण खाडी सोडता काय गो?"

सोडलं नाही मी. अजून गाते, ते त्या एका वाक्यामुळे.

एकदा म्हटलं, रविवारी येते, वहिनींच्या हातचं खाते. तर म्हणाला, "येव नको. भेटलंव काय भीड पडतली. माझ्या घरात जेवतलंस, मगे माझा गाणा वायट म्हणतलंस काय?"

भीड ही भिकेची बहीण, हे शाळेत शिकले होते. तसं वागणारा हा एकटाच बघितला.

मग तो आजारी पडला. फुप्फुसाचं दुखणं. होडी विकावी लागली.

आणि त्याने होडीचंच गाणं केलं. नव्या मालकाला सांगतोय की बाबा, ही जरा हट्टी आहे, हिच्यावर ओरडू नको, हिला असं वळव, तसं वळव.

ते त्याने आमच्या ग्रुपवर टाकलं. सिंधुदुर्गातले आम्ही सगळे घरच्या घरी गाणी करणारे. त्याचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं.

"अप्रतिम."
"डोळ्यांत पाणी आलं."
"दादा, लवकर बरे व्हा."

मी ऐकलं. शब्द सोन्यासारखे. पण अंतरा पार गेला होता. तो जुन्याच उंच पट्टीत गात होता, श्वास पुरत नव्हता, आणि ते झाकायला ओरडत होता.

दोन दिवस गेले. लिहायचं की नाही, ठरेना. मग लिहिलं.

"नंदू, शब्दांना हात लावू नकोस. पण गाणं वाईट झालंय. एवढी पट्टी तुला आता झेपत नाही. अंतऱ्यात होडी देणारा माणूस ऐकूच येत नाही, लिलावात बोली लावणारा ऐकू येतो. पट्टी उतरव आणि परत गा."

ग्रुप पेटला.

वेंगुर्ल्याच्या गिटारवाल्याने लिहिलं, "माणूस कुठल्या अवस्थेत आहे, काही लाज?" बाकीचेही तुटून पडले.

नंदूने वाचलेलं दिसत होतं. उत्तर नाही.

ऑफिसात लक्ष लागेना. जाणाऱ्या माणसाला आपण दुखावलं, दुसरं काही डोक्यातच येईना.

आठवड्याने एक फाईल आली. फक्त मला. सोबत एक शब्द नाही.

पट्टी उतरलेली. अंतरा जवळजवळ बोलल्यासारखा. मध्ये दम घ्यायला थांबतो, आणि ते थांबणंही गाण्यातलंच वाटतं.

मी ढसाढसा रडले. लिहिलं, "आता काही बदलू नकोस."

त्या मेसेजला एकच टिक राहिली. मग बातमीच आली.

बाराव्याला आरोंद्याला गेले. वहिनींसमोर बसले आणि म्हटलं, "वहिनी, मी ती कुडाळची. गाणं वाईट म्हणणारी."

त्यांनी माझा हात धरला.

"सगळे बरा बरा म्हणाक लागले, तेव्हा ह्येनी फोन उलटो करून ठेवल्यानी. माका म्हणाले, 'बघ, ह्या लोकांनी माका आत्ताच पोचवल्यानी.' भिंतीकडे तोंड करून निजान ऱ्हवले. जेवाक नको, बोलाक नको. मगे तुमचा लिवलेला वाचल्यानी, आणि उठान बसले. म्हणाले, 'पेज वाढ गो. गाणा परत करूचा आसा.'"

होडीचं ते पट्टी उतरवलेलं गाणं आज वहिनींनी त्याच्या चॅनलवर टाकलंय. नक्की ऐका.

नंदू, तुझी फार आठवण येते रे. मनापासून नमस्कार.